भिंतीवरचा नंबर

चाकूरच्या व्यंकटी पेंटरला एक खोड होती. काम कुणाचंही असो, खालच्या कोपऱ्यात ‘व्यंकटी आर्ट्स, चाकूर’ आणि त्याखाली मोबाईल नंबर घातल्याशिवाय त्याचा ब्रश धुतला जात नसे. चौदा एप्रिलच्या कमानीवर नंबर, शाळेच्या भिंतीवरच्या पाढ्यांखाली नंबर. एकदा तर एका म्हाताऱ्याच्या श्रद्धांजलीच्या फलकावरही घातला, आणि लोकांनी त्यालाच फोन करून माती कधी आहे ते विचारलं.

जवळच्याच एका मोठ्या गावाबाहेर सांडपाणी शुद्ध करायचं केंद्र उभं राहिलं. गावाचं नाव लिहीत नाही; भिंत अजून उभी आहे. त्या कुंपणाच्या भिंतीवर लोकांच्या माहितीसाठी संज्ञा रंगवायच्या होत्या. तिथल्या मृत्युंजय साहेबांनी मजकूर मोबाईलवर धाडला आणि व्यंकटीनं तो निळ्या ऑइलपेंटात उतरवला. सांडपाणी म्हणजे काय, गाळ म्हणजे काय, पुनर्वापर म्हणजे काय. ‘भूजल पुनर्भरण : जमिनीवरचे पाणी मुरून भूगर्भातील साठ्यास मिळणे.’ त्यातलं ‘पुनर्भरण’ त्यानं लाल रंगात काढलं. शब्द वजनदार वाटला होता.

केंद्राचं पाणी ज्या नाल्यात सुटणार होतं, त्याच्या खालच्या अंगाला हिंगणवाडी, आणि हिंगणवाडीच्याही खालच्या अंगाला बौद्धवस्ती. वस्त्या तशाच वसवल्या आहेत. तिथं व्यंकटीची लेक मनिषा दिलेली. वस्तीची विहीर नाल्याला लागून. पाईप टाकायला जेसीबी आला तेव्हा बायका नाल्यात उतरून बसल्या, आणि सगळ्यांच्या पुढं मनिषाची सासू सुमनबाई. त्यांना उठवायला साहेबांनी कुणाला न्यावं? व्यंकटीला. त्यानं भिंतीवरचं सगळं तोंडपाठ म्हणून दाखवलं. पाणी शुद्ध होऊनच येणार म्हणाला, मी स्वतःच्या हातानं लिहिलंय. इवायाचा, सुनेच्या बापाचा शब्द म्हणून सुमनबाई उठली. ती उठल्यावर बाकीच्या कशाला बसतात?

उद्घाटनाचा मांडव निघाला तसा पाण्यात हवा मारून ते शुद्ध करायच्या मोटारींचा आवाजही बंद झाला. लाईटबिल झेपत नाही म्हणे. वरच्या गावाची घाण बाजूच्या पाईपातून सरळ नाल्यात येऊ लागली. आधी नाला काळा झाला, मग विहिरीला वास लागला. पुनर्भरण अगदी भिंतीवर लिहिल्याबरहुकूम झालं.

आता अख्ख्या भिंतीवर नंबर एकच. लोकांनी तो लावला. मोटारी कवा चालू करता साहेब, म्हणून विचारू लागले. व्यंकटी आधी हसायचा, मी नुसता रंगवणारा हाय म्हणायचा. लोक म्हणायचे, समदे साहेब असंच म्हणतात. पुढं शिव्या सुरू झाल्या. त्याही त्यानं साहेबांच्या वतीनं ऐकून घेतल्या.

मग एका दुपारी मनिषाचा फोन आला. तिच्या लेकराला, शिवमला, कावीळ झाली होती आणि नांदेडच्या दवाखान्यात ठेवलं होतं. व्यंकटी धावत गेला. दवाखान्याच्या पायरीवर सुमनबाई बसली होती. ती रडली नाही, भांडली नाही.

“इवाई, आमी तुमच्या तोंडाकडं बघून उठलाव,” एवढंच म्हणाली.

व्यंकटी तिथून थेट केंद्रावर गेला आणि मोटारी चालू करा म्हणून हात जोडले. मृत्युंजय साहेबांनी त्याच्यासाठी चहा सांगितला.

“तक्रार कुठंय व्यंकटी? वरून विचारलं तर काय दाखवू? आमच्याकडं आजवर एक फोन नाही.”

“माझ्याकडं रोज यायलेत की साहेब.”

“तेच म्हणतोय. तो तुझा नंबर पुसून टाक. लोकांचा उगी गैरसमज होतो.”

चहा तसाच ठेवून व्यंकटी उठला. नाल्यातल्या बायका तर त्यानंच उठवल्या होत्या. त्यांची ओरडही इतके दिवस त्याच्याच खिशात वाजून विरत होती.

साहेबांनी सांगितलं तसा त्यानं नंबर पुसला. आणि पुसल्या जागी, तितक्याच सुबक अक्षरात, साहेबांचा घातला.

साहेबांचा फोन वाजू लागला. मोटारीही घरघरल्या आणि वस्तीला वाटलं, झालं काम. आठवडा सरायच्या आत साहेबांनी सिम बदललं, भिंतीवरच्या नंबरावर रंगाचा पट्टा आला आणि मोटारी पुन्हा मुक्या झाल्या. संज्ञांना मात्र कुणी हात लावला नाही. पाहणीला येणारे त्यांच्यासमोर उभं राहून फोटो काढतात. लोकांचे फोन परत व्यंकटीकडं वळले. बऱ्याच जणांच्या मोबाईलात तो ‘पाणीवाले साहेब’ म्हणून साठवलेला होता.

शिवमला दवाखान्यातून सोडलं त्या दिवशी मनिषानं विचारलं, “बाबा, घरी न्हेल्यावर ह्याला पानी कुठलं पाजू?”

व्यंकटी तिच्या पिशव्या उचलून रिक्षाकडं चालू लागला.

चाकूरला नळ येतो त्या दिवशी तो आता डिस्टेंपरच्या रिकाम्या बादल्या घासून भरतो, झाकणं ठोकून मोटारसायकलला दोन्ही अंगांनी बांधतो आणि हिंगणवाडीला जातो. शिवमपुरतं पाणी होतं. बाकी वस्ती विहिरीचंच पिते. सुमनबाई बादल्या उतरवून घेते. बादल्यांवर व्यंकटीनं ना नाव घातलंय, ना नंबर.