ज्ञानू सारंगाची मोजणी

ज्ञानू उतेकराला माणसं मोजायची सवय होती, आणि कोयनेच्या खोऱ्यात माणसं मोजलेली कुणालाच खपत नसत.

ही सवय आगबोटीवरची. मोठी लढाई संपल्यावर तो गावच्याच एका माणसाच्या ओळखीनं मुंबईच्या गोदीत गेला आणि तिथून आफ्रिकेला जाणाऱ्या उतारूंच्या बोटीवर खलाशी म्हणून लागला. सोळा वर्षं त्यानं ती नोकरी केली. बोटीच्या दोन्ही अंगांना संकटकाळच्या होड्या टांगलेल्या असत. त्यांतली सात नंबरची होडी ज्ञानूकडे होती. बंदर सुटून एक दिवस झाला की भोंगा वाजे, सात तुटक आणि आठवा लांब. मग सगळ्या उतारूंनी छातीला बुचाची जाकिटं बांधून आपापल्या होडीपाशी उभं राहायचं. खरं काहीच झालेलं नसे. माणसं कुरकुरत, बायका एकमेकींच्या अवताराला हसत. ज्ञानू मात्र एकेका डोक्याकडे बोट करत मोजत जाई. त्याच्या होडीला एक्कावन्न माणसं लागत.

एकदा मात्र तळाच्या कोठारात कापसाच्या गाठींनी पेट घेतला आणि भोंगा खरा वाजला. होडी भरली. ज्ञानूनं मोजली तर पन्नास. त्यानं पुन्हा मोजली. तरीही पन्नासच. वरच्या साहेबानं हात वर करून होडी तशीच टांगती ठेवली. ज्ञानू दोरावर हात ठेवून उभा होता. धुरानं डोळे चुरचुरत होते, होडीतली माणसं सोडा सोडा म्हणून ओरडत होती. शेवटी न्हाणीघरात कडी अडकून बसलेला एक म्हातारा सापडला. त्याला आणून बसवला, तेव्हा होडी पाण्याकडे निघाली. त्या दिवसापासून ज्ञानूचा एका गोष्टीवर पक्का भरवसा बसला. आकडा जुळला की माणूस वाचतो.

धरणाचं पाणी त्याच्या गावात शिरलं त्या साली तो नोकरी सोडून घरी आला. बायको बनाबाई आणि बिऱ्हाड वरच्या डोंगरावर हलवलं. पुढं दोन-तीन वर्षांत त्या पाण्यावर लाँच सुरू झाली, आणि समुद्र पाहिलेला माणूस म्हणून तिचं सुकाणू धरणारा सारंग ज्ञानूच झाला. इंजिनावर गुंडा नावाचा तरणा गडी. लाँचला मागं एक लहान होडी बांधलेली होती आणि कठड्याला बुडत्याला फेकायची सहा गोल कडी. तेवढ्यानं ज्ञानूचं समाधान होईना. त्यानं साताऱ्याहून लॉरीच्या चार जुन्या ट्यूबा आणल्या, त्यांत हवा भरून वर बांबूंची ताटी आवळली आणि तो तराफा लाँचच्या टपावर चढवला.

"ज्ञानबा, टपावर खाट कशापायी?" डोंगरापलीकडचा हिंदुराव दर खेपेला विचारी.

"तुमच्यासाठीच. लाँच बुडली तर निजून जावा."

"आन् ही पाटी?"

पाटी ज्ञानूच्या हातात असे. माणसं चढली की तो एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे मोजत जाई आणि खडूनं लिही. मोठी इतकी, पोरं इतकी. पुरुष हसत. "मेंढरं मोजतोय जनू," म्हणत. बायका मात्र हसत नसत. लेकरांना आकडा लावला की दृष्ट लागते हे त्यांना त्यांच्या आयांनी सांगितलं होतं. घरी पाहुण्यानं विचारलं तरी, देवाच्या दयेनं हायत दोन-चार, असंच सांगायचं. ज्ञानू जवळ आला की कुणी पोर पदराखाली घेई, कुणी पाठीमागं सरकवी. ज्ञानू वाकून पदराखाली पाही आणि मोजून टाकी.

"आवं, कितीदा सांगितलं, पोरं मोजू नगा," हरणाबाई एकदा त्याच्या तोंडावर म्हणाली.

"काकी, मोजली न्हाई तर बुडताना कुनाला हुडकायचं?"

"आदी बुडायचंच बोलतंय. तोंडाला काय हाड?"

हरणाबाईला बोलायचा अधिकार होता. तिच्या सुनेची, शालूबाईची, दोन लेकरं वर्षाच्या आत गेली होती. तिसरी सगुणा. अडीच वर्षांची झाली तरी शालूबाई तिला चारचौघांत नीट दाखवत नसे. गालाला काजळाचा ठिपका, दंडाला काळा दोरा, अंगात कुणाचं तरी जुनेर.

सहासष्ट सालच्या वैशाखात पलीकडच्या काठाला लग्न होतं. दुपारच्या खेपेला वऱ्हाड चढलं. रुखवताच्या पाट्या, वळकट्या, वाजंत्र्यांचे ढोल. ज्ञानूचं लक्ष पाण्याकडे होतं. उन्हाळ्यात पाणी उतरतं, आणि बुडालेल्या गावांची झाडं, भिंती वर येऊ लागतात. कालपर्यंत तीन पुरुष खोल असलेलं खोड आज हातभरावर असतं. रोज नवी वाट शोधावी लागे. त्या चिंतेतच त्यानं पाटी घेतली आणि मोजायला सुरुवात केली.

तो नाळेकडे, लाँचच्या पुढच्या टोकाकडे, पोचायच्या आधी शालूबाईनं झोपलेली सगुणा गोधडीसकट उचलली आणि दोर ठेवायच्या खणात निजवली. नाळेच्या टोकाला कमरेइतक्या उंचीवर हा खण होता. पुढं रुखवताची एक पाटी सरकवली. हरणाबाईनं ते पाहिलं आणि मान दुसरीकडे वळवली. ज्ञानू आला, मोजून गेला. पाटीवर लिहिलं: मोठी सव्वीस, पोरं पाच.

निम्म्या वाटेत वारा सुटला. शालूबाईला मळमळू लागलं म्हणून ती मागच्या कठड्याशी जाऊन वाकून बसली. पोर खणात गाढ झोपली होती आणि सासू शेजारीच होती. तेवढ्यात खालून दणका बसला. लाँच पुढून उचलली गेली आणि तिथंच अडकली. मागच्या फळ्या फुटून पाणी आत येऊ लागलं.

ज्ञानूनं घंटा दिली. सात तुटक, आठवी लांब. तो अर्थ गुंडाशिवाय कुणालाच ठाऊक नव्हता, पण घंटा थांबली तेव्हा लाँचवर क्षणभर शांतता झाली, आणि त्याला तेवढीच हवी होती.

"कुनी उडी मारायची न्हाई. काठ दोनशे हातांवर हाय. आदी पोरं. गुंडा, होडी घे, दोर संगं ने आन् झाडाला बांध."

पाच पोरं आणि चार बायका होडीत बसल्या. त्यांत हरणाबाईही होती. तिला वाटलं, सगुणाला तिची आई घेईल. गुंडानं होडी वल्हवत नेली आणि काठाला दोर बांधला. तोवर पुरुषांनी तराफा खाली उतरवला होता. दोर ओढत तराफा जाऊ-येऊ लागला. हिंदुरावानं त्यावर बसायच्या आधी एकदा ज्ञानूकडे बघून घेतलं.

शालूबाईची पाळी आली तेव्हा ती कठडा सोडेना. "माझी पोर."

ज्ञानूनं पाटीकडे पाहिलं. "पाचीच्या पाची पोरं पोचली. बस, बाई."

"सगुणा?"

"सासू गेली ना पोरांसंगं? मी मोजून धाडलीत. बस."

सासूला खण ठाऊक होता. सासूनं घेतली असणार. शालूबाई बसली.

ज्ञानू शेवटी उतरला. लाँचचं मागचं अंग पाण्याखाली गेलं होतं. काठावर आल्या आल्या त्यानं मोजलं. एकतीस. पुन्हा मोजलं. एकतीसच. तो दगडावर टेकला.

मग त्याला शालूबाई दिसली. ती पोरांच्या घोळक्यात शिरून एकेकाचं तोंड बघत होती. नंतर सासूसमोर जाऊन उभी राहिली. हरणाबाईच्या हातांत काहीच नव्हतं. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

"काय झालं?" ज्ञानूनं विचारलं.

"खणात हाय," शालूबाई म्हणाली. "तुमी मोजत हुता म्हनून ठेवली."

ज्ञानूनं हातातली पाटी खाली टाकली. गुंडा चढायची वाट न पाहता तो होडीत बसला. दोनशे हात अंतर, पण वारा तोंडावर होता आणि होडी सारखी बाजूला फिरत होती. ती पोर अडीच वर्षांची होती. जागी झाली असेल तर खणातून उतरायला बघेल. उतरली तर उतारावरून घसरत सरळ पाण्यात. तो वल्ही मारत होता आणि आपणच म्हणालेलं वाक्य त्याच्या कानात वाजत होतं: मी मोजून धाडलीत.

लाँच कुरकुरत होती. नाळ खोडावर टेकून वर राहिली होती. ज्ञानू कठडा धरून चढला, छातीइतक्या पाण्यातून पुढं सरकला. खणापुढची रुखवताची पाटी केव्हाच घसरून गेली होती. खण उघडा होता. सगुणा दोराच्या वेटोळ्यात बसून होती. रडून रडून तिचा आवाज गेला होता, नुसतं तोंड हलत होतं. दोन्ही मुठींत तिनं दोर धरला होता. तो तिच्या मुठीतून सुटेना, म्हणून ज्ञानूनं चाकूनं दोर कापला आणि तुकड्यासकट तिला उचललं.

काठावर शालूबाईनं पोर घेतली. हिंदुरावानं आपलं उपरणं पिळून त्याच्या खांद्यावर टाकलं.

"एकतीस न्हाई, बत्तीस," ज्ञानू एवढंच म्हणाला.

नवी लाँच यायला पावसाळा गेला. त्या चार महिन्यांत ज्ञानू वाळला. जेवता जेवता हात थांबे. चौकशीला आलेल्या साहेबांनी शाबासकी दिली, एकही जीव गेला नाही म्हणून. त्याला मात्र शाबासकी टोचली. आकडा जुळला होता, दोनदा जुळला होता, आणि पोर बुडत्या लाँचवर होती. आई विचारत असताना त्यानं आईकडे न बघता पाटीकडे बघितलं होतं.

"पुढच्या खेपेला आनखी वाकून बघीन," तो बनाबाईला म्हणाला.

"तुमी जेवढं वाकाल तेवढं त्या लपीवतील," बनाबाई भाकरी थापता थापता म्हणाली. "आवं, आई हाय ती. दोन गेल्यात तिची. मानसं मोजू नगा. खडं मोजा."

"कसलं खडं?"

"चढताना जीवामागं एक खडा डब्यात टाकायचा. खड्यांस्नी काय दिष्ट लागती व्हय?"

दुसऱ्या दिवशी ज्ञानू नदीकाठच्या गोट्यांचं पोतं भरून घेऊन आला.

नवी लाँच आली, आणि चढायच्या फळीशी तेलाचा एक मोकळा डबा आला. पुरुष हसले, पण टाकू लागले. बायका हसल्या नाहीत. पदराखालून हात बाहेर येई आणि डब्यात दोन, तीन, चार खडे पडत. ज्ञानू माणसांकडे न बघता डबा ओतून मोजी. उतरताना जो तो आपापला खडा उचलून घेई. मागं काही राहिलं तर डब्यात दिसे.

पुढच्या वर्षीच्या माघात एकदा डब्यात अठ्ठावीस खडे निघाले आणि ज्ञानूला लाँचवर सत्तावीसच जीव दिसले. बोट न उचलता, नजरेनं मोजूनही सत्तावीस. त्यानं गुंडाला इंजिन सुरू करू दिलं नाही. बाकांखाली पाहिलं. वळकट्या दाबून पाहिल्या. नाळेचा खण दोनदा उघडला.

"ज्ञानबा, ऊन टळलं की," हिंदुराव म्हणाला.

"एक जीव सापडत न्हाई."

माणसं एकमेकांकडे बघू लागली. बाकावर सगुणा आईच्या मांडीवर बसून चुरमुरे खात होती. शालूबाई मान खाली घालून होती. शेवटी हरणाबाई उठली, ज्ञानूजवळ गेली आणि हळूच म्हणाली, "तिनं तीन टाकल्यात."

"दोघी तर हायत."

"चवथा म्हैना लागलाय तिला," हरणाबाई म्हणाली. "मी म्हनलं, आत्ता कशापायी, कळंल की चारचौघांत. तर म्हनली, कळू दे, पर मोजात असू दे."

ज्ञानू डब्यापाशी परत गेला. सांडलेले खडे त्यानं पुन्हा आत भरले, सगळेच्या सगळे. पाटीवर अठ्ठावीस लिहिलं आणि गुंडाला हात केला.