वहिनीच्या नावावर जिंकलेले पैसे

"वयनी, तू फक्त मान हालवजो. मॅडम इंग्रजी शाळेतली हाये, तिले आपलं बोलणं समजत नाई. बोलाचं काम माह्यावर सोड."

ठाण्याच्या व्हरांड्यातल्या बाकावरून हे बोलणं माझ्या खोलीत आलं. खिडकीची खालची काच फुटलेली होती आणि बाकावर बसणाऱ्याला ते दिसत नसे. मी समोरच्या कागदावरून नजर उचलली नाही.

खात्यात मी चार वर्षं होते, पोलीस उपनिरीक्षक म्हणून. पुढे राजीनामा दिला, त्याची कारणं वेगळी आहेत. जाम गावच्या चौकात उलटलेल्या ट्रकखालून माणसं काढली, दोन खुनांचा तपास केला. ती प्रकरणं आता माझ्या मनात निवली आहेत. या एका प्रकरणात कोणाला ओरखडाही उठला नव्हता, तरी तेच अजून स्वस्थ बसू देत नाही.

दोघं आत आले. बाई पन्नाशीची, वडनेरजवळच्या एका गावची. नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली. शाळेत खिचडी शिजवायची आणि निराधार योजनेचं अनुदान घ्यायचं, यावर तिचं भागत असे. सोबतचा माणूस तिचा धाकटा दीर, एका सरकारी कार्यालयात लिपिक. घर एकत्र, शेतीही एकत्र. इस्त्रीचा शर्ट, हातात प्लास्टिकची फाइल. माझ्याशी बोलताना त्याने भाषा बदलली.

"मॅडम, वहिनींच्या पॅन कार्डाचा कोणीतरी गैरवापर केला आहे. अज्ञात इसमाविरुद्ध तक्रार घ्या. एफआयआरची प्रत जोडली की नोटीस मिटते, असं समजलं."

बाईने मान हलवली.

नोटीस आयकर विभागाची होती, इंग्रजीत. ठाण्यात असे कागद माझ्याच टेबलावर येत. बाईच्या नावाने पत्त्यांच्या एका ऑनलाइन खेळात वर्षभरात पाच लाखांच्या वर रक्कम जिंकलेली होती. पैशाचे असे खेळ तेव्हा बंद झाले नव्हते. कंपनीने नियमाप्रमाणे तीस टक्के कर आधीच कापला होता. पण नंतर बाईच्या नावाने विवरणपत्र भरलं गेलं. त्यात ही रक्कम साधं उत्पन्न म्हणून दाखवली, तिच्यातून खेळातला तोटा वजा केला आणि कापलेला कर परत मागितला. तो परत मिळालाही. आता विभाग म्हणत होता की अशा जिंकण्यावर सरळ तीस टक्के कर लागतो, कमी उत्पन्नाची सूट मिळत नाही, तोटा असा वजा होत नाही. परताव्याची रक्कम व्याजासह भरा आणि दंड का लावू नये ते सांगा. उत्तराला तीस दिवस होते, त्यातले अकरा गेले होते. दरम्यान त्याच विवरणपत्रामुळे बाईला उत्पन्नाचा दाखला मिळेना आणि तिचं अनुदान अडकलं होतं.

अर्जाला आवक क्रमांक दिला, स्टेशन डायरीत नोंद केली. ते गेल्यावर आमचे हवालदार नोटीस उलटसुलट करत म्हणाले, "चोर लई प्रामाणिक दिसते, मॅडम. पॅन चोरला अन् टॅक्स भराले बसला."

मलाही तेच खटकलं होतं. दुसऱ्याचा पॅन चोरणारा माणूस जिंकलेले पैसे घेऊन पसार होतो. विवरणपत्र भरून त्यात तोट्याचा आकडा लिहीत बसत नाही. आणि तो आकडा आला कुठून? नोटिशीप्रमाणे बाईच्या नावावरच्या खेळाच्या खात्यात तर तोटा नव्हताच. विवरणपत्रावरचा मोबाइल क्रमांकही बाईच्याच पिशवीतल्या बटणांच्या फोनचा होता.

ठाणेदारांनी प्राथमिक चौकशीची परवानगी दिली. खेळाच्या कंपनीला आणि दोन बँकांना पत्रं गेली. उत्तरं येईपर्यंत करण्यासारखं फार नव्हतं. पण दीर दर दोन-तीन दिवसांनी यायचा, वहिनीला घेऊन, आणि बाकावर बसायचा. माझ्यासमोर शुद्ध बोलायचा आणि माझ्या पाठीमागे काय वाटेल ते.

त्याचा समज मी तसाच राहू दिला. एकदा तर मुद्दाम म्हणाले, "प्लीज, थोडं हळू सांगा." तो समाधानाने हसला. मी वर्ध्यातच वाढलेली. माझ्या शाळेत मराठी बोललं की दंड होता, वऱ्हाडी बोललं की मुली हसायच्या. शुद्ध मराठी मी स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांतून शिकले. वऱ्हाडी आईची. ती घराबाहेर काढायची नाही हे मला सहाव्या-सातव्या वर्षीच कळलं होतं. गणवेशात तर एक शब्दही तोंडातून निघू दिला नव्हता. माझ्या या लपवण्याचा तपासाला उपयोग होतोय, याचा मला थोडा अभिमानच वाटत होता.

आठव्या दिवशी त्याचा फोन वाजला. बोलण्यावरून पलीकडे हिंगणघाटचा, विवरणपत्रं भरून देणारा कोणीतरी असावा.

"अरे, माह्या हारल्याचा आकडा तुले व्हॉट्सअ‍ॅपवर धाडला होता न, तो मेसेज उडवून दे पयले."

बाई बाजूला पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. तिनेही ते ऐकलं. तिने माझ्या खिडकीकडे पाहिलं आणि नजर खाली केली.

बँकांची उत्तरं आली तेव्हा मुदतीचे पाच दिवस उरले होते. जिंकलेली रक्कम बाईच्या खात्यात येऊन त्याच दिवशी दिराच्या खात्यात जात असे. परताव्याचंही तेच झालेलं. आणि दिराने स्वतःच्या खात्यातून दुसऱ्या दोन खेळांत घालून हरलेले पैसे हवालदारांनी कॅल्क्युलेटर घेऊन मांडले. बेरीज विवरणपत्रातल्या तोट्याइतकीच आली, रुपयासकट. बाईच्या जिंकण्यातून याने स्वतःचं हरणं वजा केलं होतं.

दिराला एकट्याला बोलावलं. प्रश्न हवालदारांनी विचारायचे, मी लिहून घ्यायचं, असं ठरलं. त्यांनी विवरणपत्र आणि ती बेरीज शेजारी-शेजारी ठेवली आणि चहा सांगितला. त्याने दोन्ही आकड्यांवरून बोट फिरवलं. मग त्याचा चेहरा सैल पडला. मी हे पुढेही पाहिलं: पकडलेला माणूस पुष्कळदा रडत नाही, समजावून सांगायला लागतो.

"चोरी कायची, साहेब? जिंकलेलं वयनीच्या नावानं, हारलेलं माह्या नावानं. चूल एक, वावर एक. मंग वजा काऊन नाई कराचं?"

"कायदा चूल नाई पाहत, भाऊ. पॅन पाहते," हवालदार म्हणाले. "पण तिच्याच नावानं काऊन?"

"मी नोकरीवाला माणूस. माह्या नावावर पत्त्यात जिंकलेला पैसा दिसला तं साहेब सोडन काय मले? अन् वयनीले कमाई नाई. एफडीवाल्या म्हाताऱ्याले कापलेला टॅक्स वापस येते, तसा तिले येईन, असं वाटलं." चहाचा घोट घेऊन तो माझ्याकडे न पाहता म्हणाला, "वयनीले सगळं मालूम होतं. ओटीपी तिनंच देल्ला. विचारा तिले."

शेवटचं वाक्य त्याने बहुतेक आधीपासून तयार ठेवलं होतं. त्या एका वाक्याने सगळं फिरलं. बाईला माहीत असेल तर ती फिर्यादी राहत नव्हती, दोघं मिळून केलेल्या फसवणुकीतली आरोपी होत होती. करही तिचा, दंडही तिचा. माहीत नसेल तर ते तिनेच सांगायला हवं होतं, स्वतःच्या तोंडाने, जबाबात. ठाणेदार म्हणाले, "उद्यापर्यंत बोलली तर गुन्हा नोंदवा. नाही तर अर्ज निकाली काढा, घरचं प्रकरण आहे."

पुढचं आधीच सांगून टाकते. गुन्हा दिरावर नोंदला गेला. एफआयआरची प्रत आणि बँकांची उत्तरं नोटिशीच्या उत्तराला जोडली, मुदतीच्या एक दिवस आधी. दीर निलंबित झाला, खटला मी नोकरी सोडली तेव्हाही चालूच होता. अनुदान सुरू व्हायला सात महिने लागले. बाईला त्या घरातून निघावं लागलं, ती पवनारला भावाकडे राहायला गेली. म्हणजे सुटका झाली असं मला ठामपणे म्हणता येत नाही.

आणि मी काय शिकले? ऑनलाइन खेळ, कर, पॅन याबद्दल लोकांना सावध करण्यासारखं खूप आहे, ते मी शाळांतून जाऊन सांगितलंही. माझ्यापुरतं मात्र वेगळं आहे. त्या बाईला गप्प बसवलं गेलंय हे मला पहिल्या पाच मिनिटांत कळलं होतं. तरी दोन आठवडे मी तिला समजू दिलं की समोरच्या खुर्चीत बसलेल्या मॅडमला तिचं बोलणं कळणारच नाही. दिराने सांगितलेलं खोटं माझ्या गप्प राहण्याने खरं ठरत होतं. माझं मौन त्याच्याविरुद्ध वापरतेय असं मला वाटत होतं, आणि ते रोज तिच्यावर पडत होतं.

दिराच्या चौकशीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी जबाबाला बसलो. दिराला हवालदारांनी समोरच्या खोलीत थांबवलं होतं, उघड्या दारातून तो दिसत होता. महिला शिपाई बाजूला उभी होती. मी पुस्तकातल्या मराठीत विचारलं, "ओटीपी आपण कोणत्या कारणासाठी दिला?" बाईने मान हलवली. "दीर काय म्हणाले होते?" पुन्हा मान. "रक्कम आपल्या खात्यात आल्याचं आपल्याला माहीत होतं का?" तीच मान, वर-खाली. होय की नाही, काहीच कळेना. तिचे डोळे माझ्या मागच्या कॅलेंडरवर होते. चौथा प्रश्न मी लिहून ठेवला होता. तो वाचला नाही. पेन खाली ठेवलं. दिराचं खोटं त्याच्यादेखत मोडायचं तर समोरच्या खोलीत ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलावं लागणार होतं, आणि माझा आवाज मुळात लहान.

मी म्हणाले, "मावशी, तुमी बोला. मले सगळं समजते, पयल्या दिवसापासून समजते."