दाजी आणि उजवीकडचा माणूस

आमच्या दाजींइतका संशयी माणूस अख्ख्या मराठवाड्यात झाला नाही, आणि झाला असता तर दाजींनी त्याच्यावरही संशय घेतला असता. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. तिला बघायला आले तेव्हा बसण्याआधी त्यांनी खुर्ची उलटी करून खालून पाहिली होती. लग्नात अक्षता पडत होत्या आणि नवरदेवाची नजर मांडवाच्या दाराशी काढलेल्या चपलांवर होती. घराणं मेंढपाळाचं. त्यांचे वडील कळप मोजत नसत. नुसती नजर फिरवून कोणती मेंढी कमी आहे ते सांगत. तीच नजर घेऊन दाजी चिकलठाण्याच्या एका कंपनीत तपासणी खात्याला लागले आणि मग सगळ्या जगाचाच माल तपासू लागले.

अशा माणसाला व्हिडिओ गेमचं वेड लागावं, हे नवलच. उस्मानपुऱ्यात तेव्हा एका गाळ्यात चार मशिनी आल्या होत्या. दाजी मुकुंदवाडीहून लुनावर यायचे आणि मला सोबत घ्यायचे, बहुधा साक्षीदार म्हणून. पहिले आठ दिवस ते खेळलेच नाहीत, हाताची घडी घालून नुसते बघत उभे. नवव्या दिवशी खिशातून कंपनीचं व्हर्नियर, सुताचंही माप दाखवणारी पट्टी, काढून त्यांनी मशिनीचा दांडा मोजला. "डावीकडं अर्धा सूत ढिला हाय," मला हळूच म्हणाले, "आपल्याला मारायलाच ठिवलीय." गाड्यांचा गेम एका डावात बाद झाला, कारण "रस्ता आपल्याकडं येतोय, आपण कुठं जातोय?" गाणं वाजणारा गेम नको, लक्ष दुसरीकडं न्यायचं आणि खिसा कापायचा, ही जत्रेतली रीत त्यांना ठाऊक होती. विमानांच्या गेममध्ये तर मागून गोळी यायची. "मागून मारणं ह्यो खेळ नव्हं मेव्हणं, ती कंपनीतली बढती हाय." मेल्यावर चूक आपली निघाली पाहिजे, तोच खरा खेळ, ही त्यांची अट. मला आपला धडाधड काहीही फुटणारा, रंगीबेरंगी गेम आवडायचा, त्यामुळे माझ्या अकलेबद्दलही त्यांना संशय होता.

अटीत बसला तो एकच गेम, जंगलातल्या दोन सैनिकांचा. शत्रू दर वेळी त्याच झाडामागून यायचा. पण तो दोघांनी मिळून खेळायचा होता. दाजी डावीकडे उभे राहत; उजवीकडे त्यांना जोडीदार मिळाला तो वाळूजच्या कुठल्याशा कंपनीतला, बाहीवर ग्रीसचे डाग असलेला, अबोल माणूस. खेळात मधूनच एक पेटी पडे, ती उचलली की एक जीव जादा मिळे. हा माणूस ती दाजींसाठी सोडायचा. झालं, दाजींना जेवण गोड लागेना.

"ह्यो मला जीव देतोय. का देतोय?"

"दाजी, चांगला असंल बिचारा."

"चांगली माणसं मी लई बघितलीत. ती इतकी चांगली नसत्यात."

शेवटी परीक्षा म्हणून एकदा त्यांनीही पेटी उचलली नाही. दोन्ही सैनिक पेटीपाशी 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' करत उभे राहिले आणि दोघांनाही गोळ्या लागल्या. तो माणूस पहिल्यांदाच हसला. म्हणाला, "दादा, एकानं तरी घ्यायची ना." दाजीही हसले. "चूक आपलीच," म्हणाले. घरी ताईला हे सांगितलं तर तिला खरंच वाटेना. त्या दिवसापासून दोघांत एकच चहा यायचा, एकाला कप आणि दुसऱ्याला बशी.

डाव चांगला झाला की मशीन जास्त गुणवाल्यांच्या यादीत लावायला नावाची तीन अक्षरं मागायची. दिवस नामांतराचे होते. विद्यापीठाच्या नावावरून गावोगाव काय काय होऊन गेलं होतं, आणि आता निकालाची कुजबुज पुन्हा सुरू झाली होती. कुणी नाव विचारलं की पुढचा प्रश्न आडनावाचा असे, आणि आडनाव कळलं की समोरच्याचं बोलणंच बदले. दाजींनी कुणाला कळू नये म्हणून ए ए ए टाकलं. उजवीकडच्यानं त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि त्यानंही ए ए ए टाकलं. संध्याकाळ संपेपर्यंत यादी वरपासून खालपर्यंत तशीच भरे, आणि दोघंही एकमेकांना 'दादा' म्हणून घरी जात.

मग निकाल आला आणि शहरात पोलीस बंदोबस्त लागला. गाळा आठवडाभर बंद राहिला. उघडला तेव्हा दाजी सगळ्यांत आधी हजर. उजवीकडचा मात्र आला नाही. पंधरा दिवस झाले तरी नाही. दाजी वाळूजला जाऊन शिफ्ट सुटताना एकेका गेटासमोर उभे राहिले, वडिलांसारखी नजर फिरवत. शेवटी गाळेवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "नाम तो बोलो साब, ऐसे कैसे ढूंडना?" सगळ्या जगाची उलटतपासणी घेणाऱ्या माणसानं तेवढं एकच विचारलं नव्हतं. बाहेर आल्यावर म्हणाले, "मीच हुशारी केली, मेव्हणं."

त्या संध्याकाळी ते डावीकडे एकटेच खेळले. पेटी पडली, ती त्यांनी उचलली नाही. डाव संपून मशीननं नाव मागितलं, तेव्हा मागे कोण उभं आहे हेही न बघता त्यांनी स्वतःच्या नावाची पहिली तीन अक्षरं टाकली. गाळा बंद होताना मशीन बंद केली की यादी पुसली जाई, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन टाकली. मशिनी उचलून नेईपर्यंत, वर्षभर तरी, ते रोज जात राहिले. मी एकदा न राहवून म्हणालो, "दाजी, तो आता येतोय व्हय?"

"येईल, न येईल," ते म्हणाले. "पण आला तर त्याला कळाय पाहिजे, डावीकडं कोण होतं ते."