मुठी काढलेली खुर्ची

शर्यतीच्या दिवशी सकाळी मी पाना घेतला आणि माझ्या व्हीलचेअरच्या मागच्या दोन्ही मुठी काढून ठेवल्या. त्या मीच नटबोल्टवर बसवल्या होत्या. कोळशाच्या ट्रकवर ड्रायव्हर असताना अपघातात कंबरेखालचं सगळं गेलं, हात तेवढे शाबूत राहिले. आता घरीच मोटार वाइंडिंग करतो.

मुठी काढायचं कारण म्हणजे आमचं वणी. इथं व्हीलचेअर दिसली की माणसाला राहवत नाही. न विचारता मागून धरतात, ढकलतात आणि निम्म्या वाटेत विचारतात, कुठं सोडू? असतं ते प्रेमच, पण माझं डोकं फिरतं. त्यात शर्यतीचा नियम असा, की बाहेरच्या कोणाचा हात लागला की तुम्ही बाद.

तालुक्यातल्या मुलांना खुर्च्या मिळाव्यात म्हणून ही शर्यत होती. पाय असणाऱ्यांनीही खुर्चीत बसूनच भाग घ्यायचा. माझं कारण मात्र घरातलं होतं. बायकोला राळेगावकडच्या एका आश्रमशाळेत शिक्षिकेची नोकरी लागली होती. सोमवारी रुजू व्हायचं, आठवडाभर तिथंच राहायचं आणि रविवारी घरी यायचं. तिनं नेमणुकीचं पत्र साड्यांखाली ठेवून दिलं होतं. गल्लीचा चढ मला एकट्याला चढता येणार नाही, म्हणून जायचंच नाही, हे तिनं ठरवूनच टाकलेलं. मी भांडलो, अबोला धरला, काही उपयोग झाला नाही. एकदा तिच्यासमोर चढ चढून दाखवायचा, एवढंच उरलं होतं.

चहा घेऊन आली तेव्हा तिला मुठी जमिनीवर दिसल्या. नऊ वर्षं तिनं त्याच धरल्या होत्या.

"मंग मी माहे हात कुठी ठेवू?" ती म्हणाली.

चहा थंड आहे, असं म्हणून मी खेकसलो.

बाजार समितीच्या आवारातून शर्यत सुटली आणि पाय असणाऱ्यांची तारांबळ उडाली. एक डॉक्टरसाहेब जागीच गोल फिरत राहिले, एक बँकेतले साहेब थेट नालीकडे निघाले. खोटं कशाला सांगू, मला भारी मजा आली. पुढं शाळेचा चढ लागला, आमच्या गल्लीच्या चढापेक्षाही उभा. रस्त्यावरच्या कोळशाच्या भुकटीनं तळवे काळेकुट्ट झाले, दंड भरून आले. मागून दोघे-तिघे धावत आले, पण धरायला मुठीच नव्हत्या. त्यांचे चेहरे पाहण्यासारखे झाले. चढ मी एकट्यानं चढलो.

आणि मैदानात माती खाल्ली. आमच्याकडे मान द्यायचा म्हणजे कार्पेट अंथरायचं. आयोजकांनी शेवटच्या रेषेपर्यंत मंडपवाल्याकडचं सगळ्यात जाड लाल कार्पेट अंथरलं होतं, तेही आम्हा खुर्चीवाल्यांच्याच सन्मानासाठी. पुढची लहान चाकं त्यात रुतली. जोर लावला तशी आणखी रुतली. रेषा समोर दिसत होती. दहा-बारा जण धावले. मुठी नाहीत म्हटल्यावर मला खुर्चीसकट उचलायच्या बेतात आले. मी ओरडलो, एकाला शिवीही दिली. माझं कोण ऐकतो?

गर्दीतून बायको पुढं आली. आता हीच ढकलणार, असं वाटून माझा धीर सुटला. ती दोन पावलांवर थांबली.

"खुर्चीले नका धरू," ती त्या सगळ्यांना म्हणाली. "कारपेट गुंडाळा."

आणि स्वतः गुडघ्यांवर बसून तिनं काठ धरला. मी चाकं उलटी फिरवून खुर्ची मागं घेतली. मग तेही सगळे खाली बसले. बक्षीस द्यायला आलेले पाहुणे कार्पेटच्या दुसऱ्या टोकावर उभे होते, त्यांनाही बाजूला व्हावं लागलं. खालची माती उघडी होत गेली तसा मी त्या मातीवरून पुढं सरकलो. माझा नंबर शेवटून तिसरा आला. रेषा ओलांडल्यावर मी सगळ्यांसमोर रडलो आणि त्याची मला लाज वाटली नाही.

मुठी मी अजून बसवलेल्या नाहीत. सोमवारी सकाळी आम्ही दोघं एसटी स्टँडवर गेलो. तिची बॅग माझ्या मांडीवर होती आणि ती माझ्या शेजारून मोकळ्या हातांनी चालत होती.