अंगणातली हिरवळ

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी हुमनाबादच्या घरापुढं हिरवळ लावली. खजुरीच्या शाळेत पत्र्याखाली बसून वर्षानुवर्षं मी पोरांना आयताकृती बागेचं क्षेत्रफळ शिकवलं. फळ्यावरच्या त्या बागेत गवत किती लागेल हेही काढायला लावलं. तसली बाग आपल्याला एकदा तरी असावी, एवढीच हौस होती. चोवीस फूट लांब, अठरा फूट रुंद. संध्याकाळी पाय पसरून मी तिथं बसत असे.

मुलगा हैदराबादला नोकरीला. त्यानं गाडी घेतली आणि सणाला आला तो बोलतच.

"आई, गाडी रस्त्यावर लावली की लॉऱ्या घासून जायलेत. इथं पेव्हर ब्लॉक टाकू."

"गवत काढून?"

"मग काय गवतावर लावू? किती ब्लॉक लागतील तेवढं काढून दे. गणित तुझं चांगलं हाय."

मी नवऱ्याकडं पाहिलं. ते पेपर वाचत होते. "त्याचंच घर हाय शेवटी," एवढंच म्हणाले. घर आम्हा दोघांच्या पगारातून झालेलं.

मी म्हटलं, "भिंतीकडचा तीन फुटांचा पट्टा ठेव मला. एक षष्ठांश जागा. बाकीचं कर तुझं." तो हसला आणि "बरं" म्हणाला.

मी हिशेब मांडला. एकूण चारशे बत्तीस चौरस फूट, त्यातले पाच षष्ठांश म्हणजे तीनशे साठ. दोन चौरस फुटांना नऊ ब्लॉक, म्हणून सोळाशे वीस. तुटफुटीला विसावा भाग जास्त धरून सतराशे एक. कागद त्याच्या हातात दिला.

आठ दिवसांनी माल उतरला. ढीग बघूनच मला जास्त वाटला. मी मुलाला फोन लावला.

"कामून एवढे मागवलास?"

"आई, पट्टा ठेवला तर गाडी वळायला जागा न्हाई. तुझ्या आकड्याचा पाचवा हिस्सा त्यात मिळवला की पुऱ्या जागेचा आकडा आला. दोन हजार एकेचाळीस."

उत्तर बरोबर होतं. ही रीत त्याला सहावीत मीच शिकवली होती, स्वयंपाकघरात पोळ्या लाटत.

दुसऱ्या दिवशी गवंडी आला. "अक्का, जरा सरकून बसा," म्हणाला आणि फावडं घातलं. गवताची जाड सालपटं निघाली. ती रस्त्याकडेला टाकली, तिथं शेळ्यांनी दुपारपर्यंत संपवली.

आता गाडी दिवाळीला येते, मधे कधी कुणाचं लग्न असलं तर येते. एरवी जागा रिकामी. उन्हाळ्यात ब्लॉक इतके तापतात की पुढचा दरवाजा दुपारभर लावून घ्यावा लागतो.

परवा नवऱ्यानं म्हटलं, "लई तापायलंय. तुझा पट्टा ठेवायला पायजे होता."

हे त्यांनी त्या दिवशी मुलासमोर म्हणायला हवं होतं.