बाटूचं ताट

सारसोळ्याच्या कोळीवाड्यात कुजबुज होती, की हिरामणच्या घरात रोज दुपारी एक मेलेला जेवून जातो. शेजारच्या गिरजाबाईने तर ताटावर फिरणारा हात स्वतः पाहिला होता म्हणे. तिला भरदिवसा समोरची बस दिसत नाही, ती गोष्ट वेगळी.

हिरामणच्या बायकोचा, पुतळाचा, संशय मात्र मेलेल्यावर नव्हता, सुनेवर होता. गीतांजली वाशीच्या फ्लॅटमध्ये वाढलेली, शाळेत मुलांच्या मनाचं काहीतरी बघणारी, सध्या बाळंतपणाच्या रजेवर. पोराचं मन बघायला कॉलेज लागतं, म्हणजे त्यात काहीतरी मंतरलेलं असणारच, असा पुतळाचा हिशेब.

झालं होतं असं. घरात बाळ आलं आणि चार वर्षांच्या तेजसला एक दोस्त मिळाला. नाव बाटू. तो कुणाला दिसत नसे. तेजस पुन्हा अंथरूण ओलं करायला लागला आणि नाव बाटूचं सांगायला लागला. गीतांजली रागावली नाही, उलट बाटूची चौकशी करत बसली. एके दिवशी बाटूला भूक लागली, तर तिने तेजसच्या शेजारी दुसरं ताट मांडलं. भात, आमटी, तळलेला बोंबील.

पुतळाने ते ताट पाहिलं. न दिसणाऱ्याला ताट वाढतात ते पितृपक्षात, मेलेल्यांना. त्यात दुपारी सगळे आडवे झाले की ताटातला बोंबील नाहीसा व्हायचा. मांजर म्हणावं, तर मधला काटा कडेला नीट ठेवलेला.

"कोनाला जेवू घालतंस गो?" तिने सुनेला विचारलं.

"कुणाला नाही, आई. दोस्त खोटा आहे हे तेजसलाही ठाऊक आहे. या वयात मुलं असे दोस्त करतात. स्वतःला बोलता येत नाही ते त्याच्या तोंडून बोलतात. आपण फक्त ऐकायचं."

"मंग बोंबील कोन खातं? तुझ्या पुस्तकात हाय का त्ये?"

पुस्तकात ते नव्हतं. गीतांजली बाळाला घ्यायला उठली आणि पुतळाचा संशय पक्का झाला. तिने धर्मराज भगताला अमावास्येचं आवतण धाडलं. गिरजाबाईच्या कृपेने ते तासाभरात सुनेच्या कानावर गेलं.

"तेजसला कुणी अंगारे लावून घाबरवलं, तर मी दोन्ही मुलांना घेऊन माहेरी जाईन," गीतांजली शांतपणे म्हणाली. तिचा नवरा दिपेश रबाळ्याच्या कंपनीतून नुकताच आला होता. त्याने चहात बिस्कीट बुडवलं आणि ते विरघळेपर्यंत त्याच्याकडेच बघत राहिला.

पुतळाला नातू वाशीला जाऊ द्यायचा नव्हता. सुनेला रंगेहाथ पकडायचंच म्हणून ती दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी मोरीजवळच्या पिंपाआड बसली. तेजस एकटाच जेवत होता.

"बाटू, आजीला हाक मारू नको," तो शेजारच्या ताटाला समजावत होता. "ती आता बाळाची झालीय. आपल्याला जेट्टीवर नाय नेणार."

बाळ यायच्या आधी रोज संध्याकाळी होड्या बघायला ती त्याला जेट्टीवर न्यायची. आता त्या वेळेला बाळाला तेल लागे. हे पोराला कुणी पढवलेलं नव्हतं. पुतळाला बाहेर यावंसं वाटलं, पण गुडघे धरलेले. तेवढ्यात तेजस हात धुवून आईजवळ झोपायला गेला आणि स्वयंपाकघरात पावलं वाजली. कोण आलं ते पुतळाने पाहिलं आणि तोंडात पदर कोंबला.

संध्याकाळी तिने तेजसला चपला घातल्या.

"बाटू पण येणार," तो म्हणाला.

"येऊ दे. पन हात माझा तू धरायचास."

धर्मराजला उलटा निरोप गेला. बाळाचं तेल सकाळवर गेलं. बाटू काही दिवस जेट्टीवर आला, मग आपल्या गावी गेला, असं तेजसनेच जाहीर केलं. कुजबुज मात्र अजून चालू आहे आणि पुतळा ती खोडत नाही, कारण खोडली तर घरातल्याच माणसाची अब्रू जाईल.

हिरामणला डॉक्टरांनी तळलेलं बंद केलं होतं. बाटूच्या ताटातला बोंबील तो खायचा.