शहीनबाईंचा उमेदवार

ऑफिसातले किस्से घरी नेऊन सांगायचे असतात. सांगितले की संपतात. ऐकणारं माणूस नसलं की ते साठत जातात, फ्रिजमधल्या छोट्या डब्यांसारखे. टाकवत नाहीत आणि एकटीला संपत नाहीत. माझा नवरा जाऊन दोन वर्षं होतील. तेव्हापासून जे साठलेत त्यातले बरेचसे एकट्या बेहरूजचे आहेत.

बेहरूज इराणचा. क्राइस्टचर्चच्या आमच्या इंजिनिअरिंग ऑफिसात तो इमारती भूकंपात पडू नयेत म्हणून गणितं करतो आणि मी त्यावरून ड्रॉइंग्ज काढते. त्याच्या देशात निवडणुका होतात. अगदी नियमित होतात. तेवढं एक सोडलं तर निवडणुकीसारखं त्यात काही नसतं!

०

आमच्यात पुण्याचा एक प्रसाद आहे. त्याला जगातल्या सगळ्या राजवटींबद्दल मत आहे. एकदा मॉर्निंग टीला तो म्हणाला, "काही म्हण बेहरूज, तुमच्याकडे डिसिप्लिन आहे. एकदा वरून ठरलं की ठरलं. आपल्याकडे पण दहा वर्षं असंच पाहिजे. काय मेधाताई?"

बेहरूजने सँडविच खाली ठेवलं. त्याने नीट समजावून सांगितलं : तिकडे निवडणुकीला उभं राहायला शेकडो लोक अर्ज करतात. मग धर्मगुरूंचं एक मंडळ बसतं आणि कोण लायक ते ठरवतं. मोजके चार-सहा उरतात. लोकांनी मग त्यांच्यातून 'मुक्तपणे' निवडायचं.

"पण सिस्टिम आहे ना!" प्रसाद म्हणाला.

"घेऊन जा," बेहरूज म्हणाला. "फुकट. पॅकिंगचं मी बघतो."

आमचा मॅनेजर ग्रॅहम इतका वेळ ऐकत होता. तो म्हणाला, "मग गेल्या वेळी जिंकलं कोण?"

"ज्यांनी मोजलं ते."

०

एका निवडणुकीनंतर तिकडे लोक रस्त्यावर उतरले. आमची मतं कुठे गेली, एवढंच विचारत होते. उत्तर म्हणून गोळ्या आल्या आणि इंटरनेट बंद झालं. इथे कॅथीड्रल स्क्वेअरमध्ये वीस-तीस इराणी फलक घेऊन उभे राहिले. समोर टोपी घातलेला एक माणूस एकेकाचा चेहरा शांतपणे मोबाइलमध्ये टिपत होता. कुणासाठी, ते सगळ्यांना माहीत होतं.

बेहरूजची पाळी आल्यावर तो म्हणाला, "एक मिनिट, चष्मा काढतो. अधिकृत फोटोला चष्मा चालत नाही."

फोटो चांगला आला असावा. कारण दोन महिन्यांनी तेहरानमध्ये त्याच्या आईला एका कचेरीत बोलावून तो दाखवण्यात आला. हा तुमचा मुलगा का?

शहीनबाई म्हणाल्या, "माझाच. वाळलाय जरा. तुम्ही काढलात का? एक प्रत मिळेल?"

प्रत मिळाली नाही. पण बेहरूजचं तिकडे जाणं त्या दिवशी संपलं. विमानतळावरून तो घरी पोचला नसता. त्याची मुलगी नीका इथेच जन्मलेली. तिने आजी फक्त स्क्रीनवर पाहिली होती. आता एकच मार्ग उरला : चौऱ्याहत्तर वर्षांच्या शहीनबाईंनी इकडे यायचं. आणि त्यांच्याकडे पासपोर्ट नव्हता.

०

तिकडे प्रत्येकाची एक ओळखपुस्तिका असते. मत दिलं की तिच्यात शिक्का मारतात. शिक्के नसले तर सरकारी नोकरी मिळत नाही, पासपोर्ट अडतो, असं लोक म्हणतात. खरं आहे का? कुणालाच माहीत नाही. लिहिलेलं कुठेच नाही. त्यातच तर सगळी हुशारी आहे! नियम केला तर तो मोडता येतो, अफवा कशी मोडणार?

शहीनबाईंच्या पुस्तिकेत वीस वर्षं एकही शिक्का नव्हता. पासपोर्टचा अर्ज महिनोन्‌महिने 'विचाराधीन' होता. बेहरूज फोनवर गयावया करायचा. "आई, जा ना. कोरी चिठ्ठी टाक. कुणाला कळणार आहे?"

शहीनबाई शाळेत गणित शिकवायच्या. त्या म्हणाल्या, "बत्तीस वर्षं मी चुकीच्या उत्तराला अर्धासुद्धा मार्क दिलेला नाही."

०

हे फोन कुणीतरी ऐकतं, असं दोघांनाही वाटायचं. म्हणून ते स्वयंपाकाच्या भाषेत बोलायचे. "भात करपला" म्हणजे शेजारचं कुणीतरी पकडलं गेलं. "गॅस गेलाय" म्हणजे इंटरनेट बंद. बेहरूज लंच अवरमध्ये गाडीत बसून हे पाककृतींचे फोन करायचा आणि लाल डोळ्यांनी परत यायचा.

एकदा मात्र हसतच आला. म्हणाला, फोनवर मध्येच कुणीतरी शिंकलं. मी नाही, आई नाही. दोघंही गार पडलो. मग आई अगदी वर्गात बोलायची तशी म्हणाली, "ऐकणाऱ्या बाळा, तीन दिवस झाले तुझ्या सर्दीला. आलं घालून चहा घे, आणि उद्या रजा टाक. तुझ्यावाचून देश बुडत नाही."

०

आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळीला मी बेहरूजच्या कुटुंबाला घेऊन गेले. स्टेजवरून घोषणा झाली की प्रसाद तिसऱ्यांदा बिनविरोध अध्यक्ष झाला आहे. टाळ्या झाल्या. मी बेहरूजला 'बिनविरोध'चा अर्थ सांगितला.

तो उठून प्रसादजवळ गेला, दोन्ही हातांनी त्याचा हात धरला आणि काळजीच्या सुरात म्हणाला, "अभिनंदन. बाकीचे उमेदवार तुरुंगात आहेत की परदेशात?"

प्रसाद गोंधळला. "अरे, परदेशात म्हणजे... आपण सगळेच परदेशात आहोत!"

"तेच म्हटलं."

०

इथली निवडणूक आली. बेहरूजला आता मताचा हक्क मिळाला होता. तो पासपोर्ट, लायसन्स आणि विजेचं बिल अशी फाइल घेऊन प्रायमरी स्कूलच्या हॉलमध्ये गेला. टेबलामागच्या आजीबाई म्हणाल्या, "कागद राहू दे बाळा, नाव सांग." त्याने नाव सांगितलं. मत दिलं. मग शिक्क्यासाठी उभाच राहिला. आजीबाईंनी हसून 'मी मत दिलं' असा स्टिकर त्याच्या हातात ठेवला. तो छातीवर लावायचा असतो. बेहरूजने पासपोर्टच्या कव्हरला आतून चिकटवला. कुणी विचारलं तर पुरावा हवा!

सोमवारी ग्रॅहम अगदी ओशाळून सांगत होता, "सॉरी मेट, पक्का निकाल यायला अजून दोन-तीन आठवडे लागतील."

बेहरूज त्याच्याकडे बघतच राहिला. "म्हणजे तुम्ही खरंच मोजता?"

०

शहीनबाई गेल्या फेब्रुवारीत आल्या. रिकार्टनला बेहरूजच्या घरामागच्या अंगणात त्या उन्हात बसल्या होत्या. डोक्याला काही बांधलेलं नव्हतं, पायात सुनेच्या रबरी चपला, इथले जांडल्स, होत्या आणि मांडीवर नीका.

नीकाने एकदा स्क्रीनकडे बोट दाखवून बापाला विचारलं होतं, "डॅड, इज शी रिअल?" शहीनबाईंना तेवढं इंग्रजी कळलं. नंतरच्या निवडणुकीला त्या पुस्तिका घेऊन गेल्या. काही महिन्यांनी पासपोर्ट आला. शिक्क्यामुळे आला की असाच आला, ते तिकडे कुणी सांगत नाही.

त्या फारसीत बोलत होत्या, बेहरूज मला इंग्रजीत सांगत होता.

"म्हणजे शेवटी कोरी चिठ्ठी टाकलीत?" मी विचारलं.

"कोरी कशाला? मत दिलं."

बेहरूजला हे नवीन होतं. "कुणाला?"

तिकडे चिठ्ठीवर उमेदवाराचं नाव आपल्या हाताने लिहायचं असतं. शहीनबाईंनी चहाचा घोट घेतला. "तुझ्या बाबांना. पूर्ण नाव लिहिलं, चांगल्या अक्षरात."

"आई! बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली!"

"मग? आमच्याकडे मेलेली माणसं मतं देतात ते चालतं. एक उभा राहिला तर काय बिघडलं?"

मला इतकं हसू आलं की कप खाली ठेवावा लागला. बऱ्याच दिवसांनी असं हसले. शहीनबाई माझ्याकडे बघत होत्या. मग त्यांनी पर्समधून पेन काढून माझ्यापुढे धरलं आणि हळू आवाजात काहीतरी विचारलं.

बेहरूज उगाच कप गोळा करायला लागला.

"काय म्हणतायत?"

"काही नाही. सोड."

"सांग ना."

"आई विचारतेय, तुझ्या नवऱ्याचं पूर्ण नाव काय? म्हणते, एकच उमेदवार असला की निवडणूक खोटी वाटते."